तीन वर्षं की चार?

मुलीला नर्सिंगला पाठवायचं ठरलं की पुढचा प्रश्न येतो: तीन वर्षांचा डिप्लोमा की चार वर्षांची डिग्री? यंदा महिनाभर आमच्या दस्तरखानावर हाच विषय होता. नर्सिंग आपल्या मुलींनी करावं की नाही, हा वाद मात्र झाला नाही. हजरत रुफैदा (रजि.) यांच्या मदीन्यातल्या तंबूत जखमींची शुश्रूषा होत असे, हे आमच्या अम्मीच मुलांना सांगत आल्या आहेत. अडचण होती पैशांची. मुलीच्या पाठची दोन भावंडं शिकताहेत आणि व्याजाचं कर्ज घ्यायचं नाही, हा घरचा नियम.

म्हणून आम्ही दोघांनी कागदावर हिशोब मांडला. डिप्लोमा म्हणजे जीएनएम. त्याला बारावीची कोणतीही शाखा चालते. इंग्रजी आणि 40 टक्के गुण हवेत. बी.एस्सी. नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी हे विषय आणि खुल्या गटात 45 टक्के लागतात, शिवाय सीईटी. दोन्ही अभ्यासक्रमांनंतर नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते. रात्रपाळीत सलाईन लावणारी नर्स डिप्लोमावाली की डिग्रीवाली, हे पेशंटला कळतही नाही.

अम्मींचं म्हणणं साधं होतं, "तीन वर्षांत पायावर उभी राहील. चौथं कशाला? लग्नाचंही बघायला हवं."

त्यावर बोलली मुलीची फुफी. ती स्वतः जीएनएम. दहा वर्षं वॉर्डात काढल्यावर तिला शिकवण्याकडे वळायचं होतं, तेव्हा दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावं लागलं, तेही दोन लेकरं सांभाळून. "भाभी, माझी पाच वर्षं झाली," ती म्हणाली. "हिची चारात होतील." तिनंच आणखी एक गोष्ट सांगितली: एम्सच्या नर्सिंग भरतीत बी.एस्सी.वालीला लगेच अर्ज करता येतो. जीएनएमवालीला आधी किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो.

अम्मी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "फी किती ते बघा."

शेवटी ठरलं ते असं. सीईटीतून परवडणाऱ्या फीची जागा मिळाली तर डिग्री. नाहीतर सरकारी रुग्णालयाच्या शाळेत जीएनएम, आणि नोकरी करत पुढचं शिक्षण. महागड्या खासगी कॉलेजसाठी घर गहाण टाकायचं नाही. डिप्लोमा घेतला म्हणून दार बंद होत नाही, फक्त वाट थोडी लांबते.

एक गोष्ट मात्र आम्ही दोन्हींपेक्षा महत्त्वाची मानली. आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलीनं एक वर्षाचा 'नर्सिंग कोर्स' केला. पैसे गेले, सर्टिफिकेट मिळालं, पण नोंदणी होईना. आज ती नर्सचंच काम करते आणि पगार मदतनिसाचा घेते. म्हणून फॉर्म भरण्याआधी दोनच गोष्टी विचारा: संस्थेला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, आणि मुली प्रॅक्टिकलला कोणत्या रुग्णालयात जातात? उत्तर देताना कुणी चाचरलं, तर तिथे फॉर्म भरू नका.