नांगराला निवारा : कोकणच्या शांत खाड्या

ग्रीसच्या बेटांभोवती शिडाच्या नौकेतून आठवडाभर फिरण्याची सहल आता आपल्या व्यापारी कुटुंबांतील तरुणांना अपरिचित राहिलेली नाही. तेथून परतलेली मंडळी प्राचीन भग्नावशेषांपेक्षा एखाद्या निर्मनुष्य आखाताचीच आठवण अधिक काढतात. दिवसभर नौका हाकावी आणि संध्याकाळी जेथे दुसरी नौका नाही, उपाहारगृह नाही, गाणेबजावणे नाही, अशा जागी नांगर टाकून रात्र काढावी, हे त्या सहलीचे खरे सुख. परंतु समुद्रावर जन्म काढलेल्या नाखव्याला नांगर टाकण्याची चांगली जागा कोणती असे विचारले, तर तो प्रथम शांततेचे नाव घेणार नाही. वारा कोणत्या दिशेचा आहे आणि पाण्याच्या तळाशी काय आहे, हे तो आधी विचारील.

निवाऱ्याच्या जागेचे गणित तसे सोपे आहे. वारा आणि लाट ज्या बाजूने येते, त्या बाजूला जमिनीची आड हवी. तळाशी चिखल किंवा घट्ट वाळू हवी. सपाट खडकावर नांगर घसरत जातो आणि कपारीत तो अडकून बसतो. वाऱ्याची दिशा पालटली की नौका नांगराभोवती फिरते, म्हणून चहूबाजूंनी मोकळे पाणी हवे. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या पाचपट ते सातपट सोडावा लागतो, तरच नांगर आडवा ओढला जाऊन तळात रुततो. त्यातही खोली दोन वेळा मोजायची असते. दोर किती सोडायचा हे भरतीच्या पाण्यावरून ठरते आणि नौकेचे बूड टेकेल की नाही हे ओहोटीच्या पाण्यावरून. हिशेब लिहिणाऱ्या वाचकांना हा नियम ओळखीचा वाटेल. येणे कमी धरावे आणि देणे जास्त धरावे, अशी शिस्त आपल्या जुन्या पेढ्यांवरही पाळली जात असे.

ग्रीसच्या समुद्रात भरती-ओहोटीचा फरक जवळजवळ नगण्य असतो. तेथे चिंता असते ती वाऱ्याची. एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ नावाचा कोरडा वारा दिवसचे दिवस वाहतो, म्हणून नौका बेटांच्या दक्षिण अंगाला आसरा घेतात. आपल्याकडे गणित वेगळे आहे. मुंबईच्या परिसरात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चार ते पाच मीटर चढते आणि उतरते. दक्षिणेकडे जावे तसा हा फरक कमी होत जातो. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो आणि दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा येतो. पावसाळ्यात मात्र नैर्ऋत्येचा वारा थेट किनाऱ्यावर आदळतो आणि उघड्या समुद्रात नौकेला थारा उरत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, ती अशाच दिवसांत. म्हणूनच पूर्वी गलबतांनाही चातुर्मास असे. ती खाडीत आत ओढून ठेवत आणि नारळी पौर्णिमेनंतरच पुन्हा समुद्रात लोटत.

बँकेच्या नोकरीत माझी काही वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात गेली. त्या काळी ही बंदरे केवळ कर्जदारांच्या पत्त्यांत दिसत. निवृत्तीनंतर, गेल्या पौषात, सौभाग्यवतीसह दिघीपासून विजयदुर्गापर्यंत किनाऱ्याने सावकाश प्रवास केला. आमच्याजवळ शिडाची नौका नव्हती. परंतु खाड्यांवर फेरीबोटी आहेत आणि त्यांवर मोटारही चढते. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, अशा चार खाड्या आम्ही पाण्यावरून ओलांडल्या. पुलावरून जाणाऱ्याला नदी दिसते. फेरीबोटीतून जाणाऱ्याला खाडीचे मुख, आतले वळण आणि त्यामागचा आडोसा असे सारे एकाच वेळी दिसते.

या प्रवासात एक गोष्ट ठळकपणे लक्षात आली. सावित्रीच्या मुखावरील बाणकोट, वाशिष्ठीच्या मुखावरील अंजनवेलचा गोपाळगड, शास्त्रीच्या मुखावरील जयगड आणि वाघोटण खाडीच्या मुखावरील विजयदुर्ग हे चारही किल्ले खाडीच्या दक्षिण तीरावर आहेत. आपण किल्ला पाहतो तेव्हा बुरूज आणि तोफा मोजतो. दर्यावर्दी माणूस आधी त्या भूशिराकडे पाहील, कारण नैर्ऋत्येचा वारा आणि लाट तेच अडवते. किल्ल्याच्या पाठीमागे खाडी आत वळते, पाणी संथ होते आणि तळाशी नदीने आणून टाकलेला गाळ असतो. बाहेर समुद्र कितीही खवळला तरी आत होड्या स्वस्थ डुलत असतात. राज्यकर्त्यांनी येथे किल्ले बांधले ते या निवाऱ्याच्या रक्षणासाठी. किल्ला ही तिजोरीची भिंत म्हटली, तर ऐवज म्हणजे आतले पाणी.

विजयदुर्गाला ही रचना सर्वांत स्पष्ट दिसते. किल्ल्याच्या तटावरून पश्चिमेला उघडा अरबी समुद्र आणि पूर्वेला तळ्यासारखी शांत खाडी, अशी दोन पाण्ये दिसतात. जवळच गिर्ये येथे खडक फोडून केलेली मराठा आरमाराची गोदी आहे. भरतीला गलबत आत घ्यावे आणि डागडुजी करून पुन्हा भरतीलाच बाहेर काढावे, अशी तिची योजना. परंतु निवाऱ्याची दुसरी बाजूही येथेच समजते. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या इंग्रजी आरमाराने तुळाजी आंग्र्यांच्या या ठाण्यावर हल्ला केला. आंग्र्यांची गलबते किल्ल्याच्या आश्रयाने एकमेकांना खेटून नांगरलेली होती. एका जहाजाला आग लागली, ती शेजारच्याला लागली आणि पाहता पाहता सारे आरमार जळाले. ज्या जागेला एकच तोंड असते, तेथून बाहेर पडण्याचा मार्गही एकच असतो. जाणता नाखवा नांगर टाकण्यापूर्वीच निघण्याची वाट पाहून ठेवतो, ते यासाठीच.

मुखापाशी निवारा आणि खाडीच्या शिरापाशी बाजारपेठ, अशी कोकणच्या व्यापाराची जुनी घडी होती. सावित्रीवर महाड, वाशिष्ठीवर चिपळूणजवळचे गोवळकोट, अर्जुनेवर राजापूर, वाघोटण खाडीच्या आत खारेपाटण. समुद्रातून आलेला माल भरतीबरोबर येथपर्यंत चढे, आणि घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून येथपर्यंत उतरे. खारेपाटणला सापडलेला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट इसवी सन १००८ चा आहे. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण देवस्थानाला द्यावा, असे त्यात नमूद आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वी या आडवळणाच्या गावाला परदेशी जहाजांची इतकी नियमित वर्दळ होती, की तिच्यावर कायमचे उत्पन्न बसवता येत होते. खारेपाटणला एक जुने जैन मंदिरही आहे. जेथे पेठ तेथे पेढी, आणि जेथे पेढी तेथे मंदिर, हा आपल्या समाजाचा देशभरचा क्रम येथेही दिसतो.

आज या गावांतून फिरताना शांतता जाणवते, परंतु ती शांतता मूळची नव्हे. ती व्यापार उठून गेल्यावर उरलेली शांतता आहे. डोंगरउतारांवरची झाडे तुटली, माती पावसाबरोबर वाहून आली आणि खाड्या उथळ झाल्या. किनाऱ्यावरच्या प्रवासी बोटी बंद पडल्या, रस्ते सुधारले, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली तीही किनारा सोडून आतल्या बाजूने. पेठेचे वजन बंदराकडून महामार्गाकडे सरकले. दाभोळ हे एके काळी पश्चिम किनाऱ्यावरील इतके श्रीमंत बंदर होते, की १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळून लुटले. आता दाभोळच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहणारी आठ-दहा माणसे असतात आणि किनाऱ्याजवळची जुनी दगडी मशीद त्या वैभवाची साक्ष देत उभी असते. उलट जेथे पाणी अजून खोल आहे, तेथे शांतता टिकली नाही. जयगडला आधुनिक बंदर झाले आहे, दाभोळच्या समोरच्या तीरावर नैसर्गिक वायू उतरवण्याचे टर्मिनल आहे, आणि दिघीलाही मालवाहू जहाजे येतात. खोल पाण्याला व्यापार शोधत येतो आणि उथळ पाण्याला एकांत. दोन्ही एकाच जागी फार काळ नांदत नाहीत.

ग्रीसमध्येही याच प्रश्नाचे वेगळे रूप दिसते. एकांत शोधत येणाऱ्या नौकांची संख्या इतकी वाढली, की त्यांच्या नांगरांनी आणि साखळ्यांनी समुद्रतळावरील पोसिडोनिया नावाचे गवत उपटले जाते. हे गवत माशांच्या पिलांना आसरा देते, तळाची वाळू धरून ठेवते आणि अत्यंत सावकाश वाढते. म्हणजे निवारा शोधणाऱ्यानेच दुसऱ्याचा निवारा मोडावा, असा तो प्रकार.

आमच्या शिरवण्याच्या बाजूला पाहिले तर हा विचार दूरचा राहत नाही. ठाण्याच्या खाडीत समुद्रातून आत शिरणारे पाणी दोन्ही तीरांच्या आडोशाने संथ होते. श्रीपाल राजाच्या चरित्रात धवल शेठने समुद्रात लोटलेला श्रीपाल ठाण्याच्याच किनाऱ्याला लागतो, आणि ठाण्यातील टेंभी नाक्यावरच्या मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिरात ती कथा आजही सांगितली जाते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, आणि पुढे खाडीकाठची गावे, मिठागरे आणि शेते यांवर नवी मुंबई उभी राहिली. त्या शहराने आम्हा सर्वांना घर आणि धंदा दिला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तरीही खाडीचा जो भाग उरला आहे, तो रोहित पक्ष्यांचा निवारा आहे. २०१५ मध्ये त्याला अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलात हजारो पक्षी चोच खुपसून उभे असतात. ज्या चिखलाला आपण पडीक म्हणतो, त्यावर त्यांचा संसार चालतो.

रेवस ते रेडी सागरी महामार्गावर खाड्यांवरचे मोठे पूल बांधण्याचे काम आता हाती घेतले आहे. पूल होऊ नयेत असे मी म्हणणार नाही. वेश्वीच्या किंवा तवसाळच्या घरात मध्यरात्री कोणाला छातीत कळ आली, तर फेरीबोटीची शेवटची फेरी केव्हाच झालेली असते. त्या घराला एकांताची गोडी सांगणे पाहुण्याला शोभत नाही. परंतु पुलामागोमाग येणारी जमिनींची खरेदी, खाडीतील वाळूचा उपसा आणि कांदळवनांची तोड ही पुलाइतकी अपरिहार्य नाही. आपल्या समाजातील अनेकांची गुंतवणूक अशा जमिनींत जाते, म्हणून हे आपणच आपल्याला सांगितले पाहिजे. कांदळवन तुटले की काठ ढासळतो, गाळ वाढतो, आणि ज्या निवांत पाण्यासाठी जमिनीला भाव आला ते पाणीच नाहीसे होते. मुद्दल खाऊन व्याजाची आशा धरण्यासारखेच ते आहे.

ज्यांना जावयाचे असेल त्यांनी मार्गशीर्ष ते फाल्गुन हा काळ निवडावा. फेरीबोटींच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात. हरिहरेश्वर आणि गुहागर येथे घरगुती शाकाहारी जेवण सहज मिळते. कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य असल्याचे आणि सूर्यास्तापूर्वी जेवावयाचे असल्याचे सकाळीच सांगून ठेवले, तर यजमान आपुलकीने सोय करतात. किल्ला पाहून लगेच परतू नये. पूर्वेकडच्या तटावर, समुद्राकडे पाठ करून, भरती चढू लागण्याच्या वेळी अर्धा तास बसावे. बाहेरचे पाणी हळूहळू आत येते, कलंडलेल्या होड्या एकेक करून सरळ होतात आणि नांगराचे दोर ताठ होतात. एवढे पाहिले की निवारा या शब्दाचा अर्थ मुलांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.