पाणी तेच, शब्दही तेच

उमरगा हे पुणे–हैदराबाद महामार्गावरचे गाव. १९४८ पर्यंत आमचा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे हैदराबाद ही आम्हां उमरगेकरांची जुनी राजधानीच. आजही शिक्षणासाठी, औषधपाण्यासाठी आणि नोकरीसाठी आमची मुले जितक्या सहजपणे पुण्याची वाट धरतात, तितक्याच सहजपणे हैदराबादची. आमचा पुतण्याही नोकरीनिमित्त तिकडे गेला आणि दोन वर्षांनी त्याने घरी कळविले की, तेथील एका मुलीशी विवाह करण्याचा त्याचा मनोदय आहे. मुलगी तेलुगू, शिकलेली, नोकरी करणारी आणि ख्रिस्ती.

या शेवटच्या शब्दाने आमच्या घरात समाधान पसरले. जेथे आपल्या ओळखीची कॅथलिक घरे बोटांवर मोजावीत, तेथे मुलांच्या सोयरिकी जुळविताना वडीलधाऱ्यांच्या जिवाची किती घालमेल होते, हे आमच्यासारख्या गावातील वाचकांना सांगायला नको. थोरले बंधू आज हयात नाहीत, म्हणून घरातील कर्तेपण आमच्याकडे आलेले. मुलीची माणसे 'येशू ख्रिस्ताची अखेरच्या दिवसांतील संतांची मंडळी' या पंथाची, जग ज्यांना मॉर्मन म्हणते त्यांच्यापैकी, हे पुतण्याने सांगितले होते. आम्ही फारसा विचार न करता वहिनींना म्हणालो, "नावातच येशू ख्रिस्त आहे. ख्रिस्तीच आहेत ते. काही अडचण येणार नाही." हे वाक्य आम्ही इतक्या घाईने उच्चारले नसते, तर पुढचा पुष्कळ मनस्ताप टळला असता.

मुलीकडची माणसे उमरग्याला आली तेव्हा पहिला प्रसंग उद्भवला तो चहाचा. वहिनींनी चहाचे आधण ठेवले आणि पाहुण्यांनी नम्रपणे नकार दिला. मराठवाड्यात दारी आलेल्या पाहुण्याने चहा नाकारणे म्हणजे काय, ते आपण जाणताच. "चहासुद्धा नको म्हणतेत, मग द्यावं तरी काय?" असे वहिनी स्वयंपाकघरातून पुटपुटल्या. चहा, कॉफी, मद्य व तंबाखू त्यांच्या पंथात वर्ज्य आहेत, हे पुतण्याने समजावून सांगितले. मग लिंबाचे सरबत झाले. जेवणापूर्वी मुलीच्या वडिलांनी डोळे मिटून, येशूच्या नावाने, साधी व मनापासूनची प्रार्थना केली. ती ऐकून वहिनींचे डोळे पाणावले. आमची तर खात्रीच झाली.

त्यानंतर आम्ही आमच्या धर्मग्रामाच्या फादरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, "या मुलीचा बाप्तिस्मा ख्रिस्तसभा मानत नाही. तेव्हा हा विवाह कॅथलिक आणि बाप्तिस्मा न झालेली व्यक्ती यांच्यातील विवाह समजला जाईल. त्यासाठी महागुरूस्वामींची मुभा लागेल. मुभा मिळाली की विवाह खरा आणि वैध होईल. पण तो 'संस्कार' होणार नाही. आणि अशा विवाहविधीत सहसा मिस्सा नसतो."

वहिनी क्षणभर गप्प राहिल्या. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, त्याने आम्हीही निरुत्तर झालो. त्यांचे माहेर बिदरकडचे, मेथडिस्ट मंडळीतले. "फादर, मी लग्न करून आले तेव्हा माझ्या डोक्यावर कुणी पुन्हा पाणी घातलं नाही. माझा बाप्तिस्मा चालला. मग या लेकराचा का चालत नाही? पाणी तेच, शब्दही तेच. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्याच नावानं ना?" पुतण्याने तर आमच्याकडेच रोखून पाहिले. "काका, काही अडचण येणार नाही, असं तुम्हीच म्हणाला होता."

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. पुढचे काही दिवस आम्ही मिळेल ते वाचले, फादरांशी वारंवार बोललो. जे उमगले, ते येथे मांडतो. कारण हा प्रश्न उद्या आपल्यापैकी कोणाच्याही उंबरठ्यावर येईल.

ही मंडळी आपल्याकडे काल-परवा आली, असेही नव्हे. अमेरिकेत जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी हा पंथ स्थापन केला. त्यानंतर अवघ्या बावीस वर्षांनी, १८५२ साली, ह्यू फिंडले नावाचा त्यांचा स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात त्याने एक लहानशी मंडळी जमविली. ते रोप त्या वेळी रुजले नाही. मात्र आमच्या जुन्या राजधानीत, हैदराबादेत, २०१२ साली या पंथाचा भारतातील पहिला 'स्टेक', म्हणजे आपल्या धर्मप्रांताशी ताडून पाहावा असा विभाग, स्थापन झाला.

त्यांचा दावा काय? येशूच्या प्रेषितांनंतर खरी ख्रिस्तसभा पृथ्वीवरून लोपली आणि जोसेफ स्मिथ यांच्या हातून देवाने ती पुन्हा उभारली. बायबलच्या जोडीला १८३० साली प्रसिद्ध झालेला 'बुक ऑफ मॉर्मन' हा ग्रंथही ते धर्मशास्त्र मानतात. येशू हा तारणारा, तो मेला व पुन्हा उठला, हे ते मनःपूर्वक मानतात. मग अडले कोठे?

अडले ते 'पिता' या पहिल्याच शब्दापाशी. आपण 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा' म्हणतो तेव्हा एकच देव, एकच दैवी स्वरूप, तीन व्यक्ती, असे म्हणत असतो. ३२५ साली नायसिया येथील धर्मपरिषदेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व असल्याचे घोषित केले. रविवारच्या मिस्सेत आपण तीच श्रद्धा प्रकट करतो. मॉर्मन शिकवणीत पित्याला हाडामांसाचे शरीर आहे आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन स्वतंत्र विभूती आहेत; त्यांची एकी आहे ती हेतूची, स्वरूपाची नव्हे. पिता स्वतः कधीकाळी मानव होता, असेही जोसेफ स्मिथ यांनी शिकविले. ओठांवरचे शब्द तेच, पण हाक ज्याला मारली जाते तो तोच आहे काय?

व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांतविषयक धर्ममंडळासमोर हाच प्रश्न आला. या पंथात दिलेला बाप्तिस्मा वैध आहे काय? ५ जून २००१ रोजी उत्तर दिले गेले, अवघ्या एका शब्दाचे: नाही. त्यावर कार्डिनल जोसेफ रात्झिंगर, म्हणजे पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट, यांची स्वाक्षरी होती आणि पोप दुसरे जॉन पॉल यांची संमती. येशूसंघीय धर्मपंडित फादर लुईस लादारिया यांनी 'लोस्सेर्व्हातोरे रोमानो' या नियतकालिकात त्यामागची कारणे उलगडून दाखविली. पाणी योग्य आहे, शब्दही वरकरणी योग्य आहेत. परंतु त्या शब्दांमागील श्रद्धा पवित्र त्रैक्याची नाही. म्हणून ख्रिस्तसभा जे करते तेच करण्याचा हेतूही तेथे असू शकत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाप्तिस्मा नाकारणे हा ख्रिस्तसभेचा स्वभाव नव्हे. तिसऱ्या शतकात पाखंडी मंडळींचा बाप्तिस्मा मानावा की नाही, यावर कार्थेजचे महागुरू संत सिप्रियन आणि पोप पहिले स्टीफन यांच्यात मोठा वाद झाला. सिप्रियन म्हणत, पुन्हा द्यावा. पोप म्हणत, देऊ नये. ख्रिस्तसभेने पुढे पोपचाच उदार पक्ष उचलून धरला. म्हणूनच वहिनींचा मेथडिस्ट बाप्तिस्मा मानला गेला. एवढ्या उदार परंपरेने 'नाही' म्हणावे, यातच प्रश्नाचे गांभीर्य दिसते.

कोणी म्हणेल, त्रैक्याचे गूढ आपल्यापैकी तरी किती जणांना कळते? हा आक्षेप आम्हीही स्वतःला घेतला. तेव्हा आठवण झाली पंडिता रमाबाईंची. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला; पण त्रैक्याचा सिद्धांत त्यांच्या तर्कनिष्ठ बुद्धीला पटेना. आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांनी पत्रांतून त्यावर कडाक्याचा वाद घातला. तरीही त्यांचा बाप्तिस्मा नाहीसा झाला नाही. कारण तो देणाऱ्या मंडळीची श्रद्धा त्रैक्याची होती. एखाद्या लेकराने आईबापांविषयी शंका घेतली म्हणून नाते तुटत नाही. मॉर्मन पंथात मात्र शंका एका व्यक्तीची नाही. तेथे खुद्द मंडळीचीच शिकवण निराळी आहे. एवढा भेद कळला आणि वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला गवसले.

उत्तर गवसले, तरी ते त्या मुलीला सांगायचे कोणी? 'तुम्ही ख्रिस्ती नाही' हे वाक्य किती बोचते, याचा आम्हांला अनुभव आहे. पवित्र मरियेच्या मूर्तीकडे बोट दाखवून काही प्रचारकांनी आमच्याच ओट्यावर आम्हांला ते ऐकविले आहे. ज्या वाक्याने आपण घायाळ झालो, तेच दुसऱ्याच्या लेकीला ऐकवायचे, या विचाराने मन कचरत होते. तरी आम्ही हैदराबादला गेलो. चूक आमची होती, निस्तरायचीही आम्हीच.

मुलीने सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि जे उत्तर दिले, त्याने आमच्या डोक्यावरचे ओझे निम्मे उतरले. ती म्हणाली, "काका, याने आमच्या मंडळीत यायचं ठरवलं असतं, तर आम्हीही याला पुन्हा बाप्तिस्मा दिला असता. तुमचा बाप्तिस्मा आम्ही तरी कुठे मानतो?" हे आमच्या ध्यानीमनी नव्हते. दोन्ही मंडळ्यांना जो भेद ठाऊक होता, तो आम्हीच भिडेपोटी झाकू पाहत होतो! मग किंचित थांबून तिने विचारले, "पण लोक मला ख्रिस्ती म्हणतात, मीही स्वतःला तेच म्हणते. ते चूक आहे का?"

आम्ही म्हणालो, "बाळ, शेजारी आणि सरकार तुला ख्रिस्ती म्हणतील, त्यांच्याशी आमचा वाद नाही. येशूवर तुझं प्रेम किती, हे मोजण्याचा अधिकारही आम्हांला नाही. फक्त बाप्तिस्म्याने जे एक कुटुंब होतं, त्यात आपण अजून एका ताटात जेवत नाही. हे लपवून तुला सून म्हणून घरात आणणं म्हणजे तुझाच अपमान."

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने आमचा उमरगा तालुका आणि शेजारचा औसा तालुका हादरला. सास्तूरसारखी गावे ढिगाऱ्याखाली गेली. ढिगारे उपसणाऱ्या हातांना त्यांचा धर्म कोणी विचारला नव्हता. माणसाला माणूस म्हणून जवळ करायला बाप्तिस्म्याचा दाखला लागत नाही. ९ मार्च २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी या पंथाचे तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांचे व्हॅटिकनमध्ये स्वागत केले. २००१ चे उत्तर मात्र मागे घेतले गेले नाही. सत्य सांगणे आणि स्नेह राखणे ही दोन्ही कामे एकाच हाताने करता येतात.

महागुरूस्वामींची मुभा मिळाली. मुले झाल्यास त्यांना कॅथलिक श्रद्धेत वाढविण्यासाठी होईल तेवढे सर्व करण्याचे वचन पुतण्याने दिले आणि मुलीने ते समजून घेतले. विवाह मिस्साविना, शास्त्रवाचन व प्रार्थना यांसह झाला. वहिनींच्या मनातील ती सल अजून गेलेली नाही, हे आम्ही जाणतो. पण सून येणार असली की त्या दूध आठवणीने जास्त घेतात आणि चहाचे आधण तिच्या देखत ठेवत नाहीत.

सून उमरग्याला आली की आमच्याबरोबर मिस्सेला येते. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी ती हात जोडून जागेवरच बसून राहते. तिला कोणी काही म्हणत नाही. आम्ही मात्र मिस्सेच्या आरंभी क्रूसाची खूण करताना आताशा थोडे थबकतो. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने हे शब्द आम्ही जन्मभर एका दमात, सवयीने म्हणत आलो. ते कोणाचे नाव आहे, याचा विचार करायला आम्हांला साठी उलटावी लागली. आणि तो विचार करायला लावला तो हे नाव निराळ्या अर्थाने घेणाऱ्या एका मुलीने.