काळा पडदा

परभणी जिल्ह्यातील आपल्या निवासी शाळेत एका जुन्या संगणकावर आम्ही लिनक्स बसविले आणि तो पुन्हा सुरू करताच पडदा काळा पडला. पन्नाशी ओलांडलेल्या इतिहासाच्या शिक्षकाने मुलांसमोर "आम्हांला येत नाही" म्हणणे सोपे नव्हते, पण म्हटले. तेव्हा ऊसतोड कुटुंबातील एका मुलीने विचारले, "सर, कुठं चुकलं ते मशीन लिहून ठेवतं का?"

प्रश्न इतिहासाचाच होता! आरंभीच्या यादीत 'ई' दाबून, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहिले. साध्या चित्रावर का होईना, यंत्र उघडले. 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने मागील खेपेची नोंद वाचली. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अडखळला होता. कार्डाला जुळणारा ड्रायव्हर बसविताच पडदा उजळला.

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जगासमोर खुला केला. तो कोणीही वाचावा, सुधारावा. परंतु उघडे दारही कोणी आत पाऊल टाकल्याशिवाय कामाचे नसते. त्या दिवसाची हकीकत संगणक कक्षाच्या वहीत त्या मुलीच्याच अक्षरात आहे. पुढच्या तुकडीसाठी ते आमचे पहिले साधन.