कानाने वाचलेली जमीन

इंग्लंडमधील नांगरलेल्या शेतांत जुनी नाणी शोधणाऱ्याच्या हाती असलेले धातुशोधक यंत्र, म्हणजे रूढ शब्दांत मेटल डिटेक्टर, जमिनीखालच्या वस्तूविषयी एकाच वेळी दोन प्रकारे माहिती देते: पडद्यावर उमटणाऱ्या आकड्याने आणि हेडफोनमध्ये ऐकू येणाऱ्या सुराने. नवखा शोधक बहुधा आकड्याकडे वळतो, कारण आकडा निश्चित भासतो. सूर मात्र क्षणभर उमटून विरतो आणि त्याचा अर्थ ऐकणाऱ्यालाच लावावा लागतो. वस्तुतः दोहोंचा उगम एकाच विद्युत् संकेतात असतो. पण आकडा हा त्या संकेतावरून यंत्राने काढलेला निष्कर्ष असतो, तर सुरात त्या संकेताचा चढउतार, त्याच्या कडांचा रेखीवपणा वा पसरटपणा, मध्येच येणारी तूट हे सारे शिल्लक राहते. या कलेतील प्रावीण्य बव्हंशी सुरावर विसंबण्यात आहे, आणि तो सूर नेमके कशाविषयी सांगतो हे समजल्याखेरीज तसे विसंबता येत नाही.

यंत्राच्या टोकाला असलेल्या चकतीत तारेची दोन वेटोळी असतात. त्यांपैकी एकातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह वाहतो. त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतील धातूमध्ये गोल फिरणारे क्षीण प्रवाह निर्माण होतात, ज्यांना भोवरा-प्रवाह म्हणतात, आणि या प्रवाहांचे स्वतःचे क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्यात संकेत उमटवते. मूळ प्रवाहाच्या तुलनेत हा संकेत किंचित मागे पडतो. या मागे पडण्याला कलांतर अशी संज्ञा असून ते किती आहे त्यानुसार यंत्र सूर ठरवते: सामान्यतः लोखंडी खिळ्याला खालचा, घोगरा सूर आणि चांदीच्या जाड नाण्याला उंच, स्वच्छ सूर. पूर्वी सराफ रुपया दगडावर वाजवून पाहत, तेव्हा ऐकू येणारा नाद त्या रुपयाचा स्वतःचा असे. धातुशोधकाचा सूर तसा नाण्याचा नसतो, तो यंत्रकाराने कलांतराला नेमून दिलेला असतो, आणि हा भेद लक्षात न ठेवल्यामुळे बहुतेक गैरसमज होतात.

कलांतर केवळ धातूच्या वाहकतेवर ठरत नाही. वस्तूचा आकार आणि जाडीही त्यात तितक्याच महत्त्वाच्या असतात. इंग्लंडमधील मध्ययुगीन नाण्यांच्या बाबतीत हे विशेष स्पष्टपणे दिसते. तिसऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीत १२४७ मध्ये काढलेल्या चांदीच्या पेनीवर क्रुसाचे हात थेट काठापर्यंत नेलेले होते. सुट्या पैशांची गरज पडली की अशी पेनी क्रुसाच्या रेषेवरून कापून तिचे दोन किंवा चार तुकडे करीत, आणि पहिल्या एडवर्डने १२७९ पासून गोल फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, पाडण्यास सुरुवात करीपर्यंत पावभागासाठी हे कापलेले तुकडेच चालत. अखंड पेनीचे वजन दीड ग्रॅमहून थोडे कमी असे, तेव्हा पाव तुकडा अर्ध्या ग्रॅमचाही भरत नाही. तो चांदीचा असला तरी इतका लहान आणि पातळ असतो की त्याचा सूर चांदीच्या अपेक्षित उंचीवर न पोहोचता मधल्या पट्टीतच, चॉकलेटच्या वेष्टनातील चंदेरी कागदाच्या सुराशेजारी, राहतो. चांदी म्हणजे उंच सूर असे पाठ केलेला शोधक हा संकेत निःशंकपणे सोडून पुढे जातो. आणि तेराव्या शतकातील बाजारात दैनंदिन व्यवहार कसे होत याचे उत्तम साक्षीदार नेमके असे तुकडेच आहेत.

लोखंडाची अडचण याच्या उलट जातीची आहे. जुन्या वस्तीच्या जागी खिळे, नालांचे तुकडे आणि अवजारांचे अवशेष विपुल असतात, आणि मोठे किंवा वाकलेले लोखंड कधीकधी फसवा उंच सूर देते. असा सूर पारखण्याची रीत अशी की संकेत मिळालेल्या जागेवरून चकती एका दिशेने फिरवून झाल्यावर शोधकाने काटकोनात वळून ती पुन्हा फिरवावी: आडव्या पडलेल्या गोल नाण्याचा सूर दोन्ही दिशांनी साधारण सारखा, आखूड आणि कडांना रेखीव राहतो, तर लांबट खिळ्याचा सूर एका दिशेने तुटतो किंवा घोगरा होतो. अर्थात खिळ्याच्या शेजारी पडलेले नाणेही एकाच दिशेने बोलते, आणि तेही अर्धवट. म्हणून लोखंडाचे संकेत मूक करण्याची जी सोय यंत्रात असते, जिला शोधक डिस्क्रिमिनेशन म्हणतात, ती जुन्या वस्तीच्या जागी वापरणे हे आपल्याच कानांवर हात ठेवण्यासारखे ठरते. घोगऱ्या सुरांच्या गर्दीतून निसटणारी एक उंच किनार पकडायची, तर ती गर्दी आधी ऐकावीच लागते.

खोलीचा प्रश्न याहून नाजूक आहे. चकतीच्या आकाराच्या मानाने वस्तू दूर असेल, तेव्हा अंतर दुप्पट होताच परत येणारा संकेत सुमारे ६४ पटींनी क्षीण होतो, आणि मग मातीतील लोहखनिजांचा प्रतिसाद त्यात मिसळून पडद्यावरचा आकडा इकडेतिकडे भटकू लागतो. अशा वेळी यंत्राची सलग मंद गुणगुण, जिला थ्रेशोल्ड म्हणतात, चालू ठेवणारा शोधक तिच्यात आलेला बारीकसा फुगवटा किंवा खळगा ऐकू शकतो. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये आणि त्यापासून झालेल्या मातीत मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असल्याने तेथे जमिनीचा स्वतःचा आवाज सौम्य मातीपेक्षा प्रबळ असतो. मात्र भारतात १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, हे येथील वाचकाने आधी ध्यानात घ्यावे.

कानावरचा विश्वास खोदूनच येतो. पुन्हा पुन्हा उमटणारा प्रत्येक संकेत, मग तो कितीही संशयास्पद असो, खोदण्यापूर्वी आपला अंदाज मनात स्पष्ट शब्दांत मांडणे आणि नंतर हाती आलेल्या वस्तूशी तो ताडून पाहणे, याला पर्याय नाही. येथे एका धोक्याची जाणीव असावी: त्याच जागेवर चकती फार वेळ फिरवत राहिल्यास कान आशेच्या बाजूने झुकतो आणि घोगरा सूरही गोड भासू लागतो, त्यामुळे पहिल्या काही फेऱ्यांतील निर्णय अधिक भरवशाचा मानावा. सूर खरा असूनही अर्थ चुकू शकतो, याचे उदाहरण या यंत्राच्या पूर्वजाच्याच इतिहासात आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनावर चालणारे उपकरण टेलिफोनच्या श्रवणयंत्राला जोडून वापरले. त्यांना आवाज ऐकू आला, पण रुग्णाच्या गादीत पोलादी तारा होत्या. शिवाय डॉक्टरांच्या समजुतीनुसार उजवी बाजू तपासली गेली आणि गोळी होती डावीकडे.

विचित्र वाटणाऱ्या संकेताकडे दुर्लक्ष न करण्याचे मोल सॉमरसेटमधील फ्रोम येथे दिसून आले. २०१० मध्ये डेव्ह क्रिस्प यांना तेथील शेतात एक संदिग्ध संकेत मिळाला, त्यांनी तो खोदला, आणि एका मोठ्या मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी असल्याचे पुढे निष्पन्न झाले. इंग्लंडमध्ये १९९६ च्या ट्रेझर कायद्यानुसार असा ठेवा सापडल्यावर चौदा दिवसांत कॉरोनर या अधिकाऱ्याला कळवावे लागते. पण क्रिस्प यांनी कायद्याच्या किमान अपेक्षेपलीकडे जाऊन, मडके असल्याचे लक्षात येताच खोदणे थांबवले. पुरातत्त्वज्ञांनी मग मडक्यातील नाणी थराथराने काढली, आणि कारॉसियस या सम्राटाची उशिराची नाणी बव्हंशी मडक्याच्या खालच्या अर्ध्या भागात आढळल्यामुळे हा साठा वर्षानुवर्षे भर घालत वाढवलेला नसून एकाच वेळी ओतलेला असावा, असा निष्कर्ष काढता आला. सूर कितीही अचूक ऐकला तरी नाण्यांचा हा क्रम त्यात उमटला नसता, आणि मडके घाईने उपसले असते तर तो कायमचा नाहीसा झाला असता.