विहिरीवरचा पुदिना

पुदिन्याचं बी मी कधी विकत घेतलं नाही. आमचा पुदिना अर्जुनी मोरगावकडचा, मायच्या माहेरच्या विहिरीवरचा. ती लग्न होऊन गोंदियाला आली तेव्हा जिल्हा भंडारा होता. १ मे १९९९ला गोंदिया वेगळा झाला, तोवर तिच्या मोरीमागे पुदिना चांगला माजला होता. सांडपाणी तिकडेच जाई, वेगळं पाणी घालावं लागत नसे.

मी तिरोड्याला सासरी निघाले तेव्हा तिने ओल्या फडक्यात काड्या गुंडाळून दिल्या. "पाण्यात ठेवजो वो, मग लावजो." एवढंच. पेराच्या खाली कापायचं, खालची पानं खुडायची, कारण मुळं पेरातून फुटतात. शेंड्याकडून उतरणारं ऑक्सिन कापाशी साचतं, म्हणून ती फुटतात, हे मी फार नंतर वाचलं. मायला त्यावाचून काही अडलं नाही. या भागात बहुतेक धान बायका चिखलात वाकून हाताने रोवतात. त्यांना काडी लावायला कोण शिकवणार?

पानओवा याहून सोपा. फांदी मोडायची, खोचायची, पावसाळ्यात पानांची भजी तळायची. तोही पुदिन्याच्या, तुळशीच्याच कुळातला. पुदिन्याची काडी बोटांत फिरवून बघा, चार कडा लागतात. कुंडीत मी मोरंड मातीत राइस मिलमधलं धानाचं तूस मिसळते, माती घट्ट बसत नाही. गोडनिंब मात्र हट्टी. त्याची काडी पाण्यात बहुधा काळी पडते. झाडाच्या बुडाशी फुटलेलं रोप पावसाळ्यात मुळासकट उकरून आणावं, हे बरं.

काडीपासून वाढलेलं झाड हे पहिल्याचं लेकरू नसतं, ते पहिलंच झाड असतं. म्हणजे आजी चटणीला खुडायची तोच पुदिना मी खुडते. ती विहीर आता बुजली आहे.

मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की माठाखाली ठेवलेली कुंडीसुद्धा कधी कधी वाळते. मग शेजारणीकडे जायचं. तिने कधीतरी माझ्याकडूनच नेलेला असतो. त्यामुळे काडी मागणाऱ्याला मी नाही म्हणत नाही. लोक त्याला औदार्य समजतात. माझ्या लेखी तो विमा आहे.

लेक पुण्याला असते. गोंदियाहून सुटणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसने गेले तेव्हा तिच्यासाठी काड्या नेल्या. "माय, इथे कोपऱ्यावर जुडी मिळते," म्हणाली. पण लावल्या. तिकडचा उन्हाळा आमच्यासारखा जाळत नाही, तिच्या बाल्कनीत पुदिना मेमध्येही हिरवा असतो. इथला आणि शेजारणीचा, दोन्ही एकदम वाळले, तर आता मागायला आणखी एक दार आहे.