दुकान आपलं, पण पत्ता कोणाच्या नावावर?

चळवळीत आम्ही एक वाक्य हजारदा बोललो असू: "कागद दाखवा." रेशनकार्ड असो, जातीचा दाखला असो, सातबारा असो की घरपट्टीची पावती, वस्तीतल्या माणसाला आम्ही हेच सांगत आलो की तोंडी शब्दावर जाऊ नका, कागद कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा. समाजशास्त्रात एम.ए. करून आणि इतकी वर्षं नालासोपारा-विरारच्या वस्त्यांमध्ये काम करून एवढं तरी आम्हाला कळतं, असा आमचा समज होता. एका साध्या वेबसाइटने तो मोडून काढला.

नालासोपारा पूर्वेला दहा महिलांचा एक बचत गट आहे. पंचशील ध्वज, निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, श्रामणेर शिबिरासाठी चीवर असं सगळं त्या शिवतात. एरवी धंदा बेताचाच. खरी कमाई १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबर या चार दिवसांच्या आधी. आमच्याच आग्रहाने त्यांनी तीन वर्षांपूर्वी वेबसाइट काढली. वस्तीतल्या एका हुशार मुलाने एका परदेशी कंपनीच्या तयार साच्यावर ती उभी करून दिली, एक रुपया न घेता. नांदेड, नागपूर, हैदराबादहून ऑर्डरी यायला लागल्या. आम्हीही चार सभांमध्ये ती मोबाइलवर उघडून दाखवली आणि टाळ्या घेतल्या.

गेल्या पावसाळ्यात त्या कंपनीने वार्षिक शुल्क वाढवलं. डॉलरमधला आकडा रुपयांत केल्यावर महिलांनी सरळ सांगितलं, एवढ्यात एक शिलाई मशीन येते. वेबसाइट दुसरीकडे हलवायचं ठरलं. वर्डप्रेस हे २००३ पासून चालत आलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते कोणालाही वापरता येतं, बदलता येतं आणि एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येतं. त्यावर दुकान मांडायचं, जागा एखाद्या स्वस्त सर्व्हरवर घ्यायची, असा बेत झाला.

निघालो तेव्हा कळलं की आपलं म्हणून बरोबर नेता येण्यासारखं फार थोडं आहे. मालाची नावं आणि किमती यांची यादी एका फाइलमध्ये मिळाली, बस्स. पानांची मांडणी नाही, ग्राहकांचे अभिप्राय नाहीत. फोटो एकेक करून उतरवून घ्यावे लागले. मराठी मजकूर तर अक्षरं म्हणून टाकलेलाच नव्हता, तो चित्रात होता. म्हणजे तीन वर्षं कोणी "पंचशील ध्वज" असं शोधलं असतं, तरी ती अक्षरं सर्च इंजिनच्या हाती लागणं मुश्कीलच होतं. गटातल्या एका ताईंच्या बी.कॉम. करणाऱ्या मुलीने आठवडाभर बसून सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलं.

खरा धक्का पुढे होता. वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, त्या मुलाच्या नावावर होतं. नोंदणीला दिलेला ईमेल त्याच्या जुन्या कॉलेजचा होता आणि तो बंद झाला होता. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेलेला, नंबर बदललेला. डोमेनची मुदत सप्टेंबरअखेर संपत होती. धम्मचक्र प्रवर्तन दिन दोन आठवड्यांवर.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डोमेन कायमचं विकत मिळत नाही, ते ठरावीक वर्षांसाठी नोंदवलं जातं. मुदत संपली की काही दिवसांची सवलत असते, त्यानंतर जबर दंड आणि त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतो. एका नोंदणी कंपनीकडून दुसरीकडे न्यायचं तर त्याचं कुलूप उघडावं लागतं आणि एक गुप्त कोड लागतो. तो कोड नोंदणीकृत माणसालाच मिळतो. शिवणाऱ्या हातांना तिथे काही किंमत नाही, नोंद कोणाची आहे एवढंच बघितलं जातं.

मुलाच्या मनात खोट नव्हती. त्याच्या आत्याकडून नवा नंबर मिळाला, त्याने ओळखपत्र पाठवून धावपळ केली आणि अकराव्या दिवशी ताबा परत मिळाला. पण ते अकरा दिवस आम्ही गटाच्या बैठकीत मान वर करू शकलो नाही. गटाच्या अध्यक्ष मावशी एवढंच म्हणाल्या, "दादा, आम्हाला वहीत अंगठा नाही, सही करायला लावलीत तुम्ही. मग हे तुमच्या नजरेतून कसं सुटलं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

मित्रांनो, हा प्रश्न फक्त दहा महिलांचा नाही. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलवरून बनवलेल्या छोट्या व्यावसायिकांच्या मोफत वेबसाइट कंपनीने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. जुना पत्ता टाकणाऱ्याला प्रोफाइलकडे वळवण्याची सोय १० जूनपर्यंतच होती. त्याआधी २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद केलं, तेव्हा लोकांनी हौसेने बांधलेली असंख्य पानं गेली. यात कोणी कायदा मोडला असं नाही. दुसऱ्याच्या जागेत फुकट बसलेल्याला मालक कधीही ऊठ म्हणू शकतो, एवढंच. नालासोपारा पूर्वेला २०२५ च्या सुरुवातीला ४१ इमारती पाडून झाल्या. जमीन डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी आरक्षित होती. त्या घरांसाठी लोकांनी आयुष्याची कमाई मोजली होती. वेबसाइट जाणं आणि डोक्यावरचं छप्पर जाणं यांची बरोबरी आम्ही करणार नाही, तशी करणं त्या कुटुंबांचा अपमान ठरेल. पण विचारायचा राहून गेलेला प्रश्न दोन्हीकडे एकच आहे: खालची जागा कोणाची?

बाबासाहेबांनी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विचारला. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, कारण प्रस्थापितांच्या पत्रांत अस्पृश्यांच्या बाजूला जागा नव्हती. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' आला. नुसतं पत्र काढून बाबासाहेब थांबले नाहीत, त्यांनी 'भारतभूषण' हा छापखाना उभा केला. छपाई दुसऱ्याच्या मर्जीवर राहिली तर विचारही त्याच्या मर्जीवर राहतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि १९५६ मध्ये 'जनता'चं 'प्रबुद्ध भारत' झालं, तेव्हा नाव बदललं तरी वाचकाशी असलेलं नातं तुटलं नाही. स्थलांतर कसं करावं याचा आमच्यापुढे तो धडा होता.

कोणी म्हणेल, चळवळीच्या माणसाने दुकानाच्या भानगडीत कशाला पडावं? आम्ही त्यांना आमच्याच सोपाऱ्याच्या स्तूपाकडे बोट दाखवतो. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो उकरून काढला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच मिळाला. धम्माचा निरोप घेऊन शूर्पारकात परतलेला पूर्ण हा मूळचा व्यापारी होता, असं बौद्ध परंपरा सांगते. व्यापाराचं आणि धम्माचं आमच्या गावात कधी वैर नव्हतं. वैर आहे ते लाचारीशी.

स्थलांतरात आणखी एक पेच आला. नवी मांडणी करून देणाऱ्या एका ओळखीच्या व्यावसायिकाने सुचवलं, "निळा रंग थोडा कमी करा, 'जय भीम' काढा. माल चांगला आहे, सगळ्यांना विकता येईल." हेतू वाईट नसेलही. महिलांनी दोन संध्याकाळी चर्चा केली आणि ठरवलं: 'जय भीम' पहिल्याच पानावर राहील. पांढरी साडी कोणीही घ्यावी, पण ती कोणी शिवली हे लपवायचं नाही.

मात्र "आमच्याविषयी" या पानावर पूर्ण नावं टाकायची वेळ आली, तेव्हा एक ताई म्हणाल्या, "माझं आडनाव नको. लेक वसईत भाड्याने खोली शोधतेय." आमच्या तोंडावर स्वाभिमानाचं भाषण आलं होतं. आम्ही ते गिळलं. जिच्या लेकीला आडनाव ऐकून खोली नाकारली जाते, तिला स्वाभिमान शिकवणारे आम्ही कोण? नऊ जणींची पूर्ण नावं आली, एकीचं फक्त पहिलं. यावरही पुढे वाद व्हावा, पण तो घरमालकांशी व्हावा, त्या ताईंशी नाही.

प्रत्यक्ष बदल दोन दिवस चालला. डोमेन नव्या सर्व्हरकडे वळवल्यावर काहींना जुनं दुकान दिसत होतं, काहींना नवं. म्हणून जुन्याकडची ऑर्डर आधीच बंद करून तिथे फक्त फोन नंबर ठेवला आणि महिनाभर ते तसंच राहू दिलं. जुन्या पानांचे पत्ते नव्या पानांकडे कायमचे वळवले. त्याला ३०१ म्हणतात. नांदेडच्या विहाराने व्हॉट्सअ‍ॅपवर जपून ठेवलेली जुनी लिंक दाबली आणि ध्वजाचं नवं पान उघडलं, तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. डोमेन आपलं होतं म्हणून हे जमलं. पत्ताच कंपनीचा असता, तर वळवणार कोण?

मालकी फुकट मिळत नाही, हेही सांगायला हवं. दुसऱ्याच महिन्यात एका अपडेटनंतर पैसे भरायचं बटण गायब झालं आणि आता तक्रार करायला कोणी नव्हतं. आता दोन मुली दर रविवारी बॅकअप घेतात, एक प्रत पेन ड्राइव्हवर गटाच्या पेटीत असते. त्या दोघींना शिकवण्यात गेलेला वेळ आम्ही चळवळीच्याच कामात धरतो.

आपल्या विहाराची, वाचनालयाची, महिला मंडळाची, वधू-वर मंडळाची वेबसाइट असेल, तर पुढच्या बैठकीत चार प्रश्न विषयपत्रिकेवर घ्या. डोमेन कोणाच्या नावावर आहे? नोंदणीचा ईमेल संस्थेचा आहे की एका माणसाचा? मुदत कधी संपते? उद्या हलायचं ठरलं तर मजकूर, फोटो आणि ग्राहकांची यादी आपल्या हातात आहे का? उत्तरं इतिवृत्तात लिहा, खाली सह्या करा.

आमच्या गटाच्या वहीत ते पान आता आहे. पासवर्ड बंद पाकिटात, मावशींच्या कपाटात. नोंदणी गटाच्या नावावर.

जय भीम!