कड आणि फवारा

कॉम्प्युटरवर केलेल्या एअरब्रशला मी बरीच वर्षं एअरब्रश मानत नव्हते. हे मत मी ठासून सांगायचे, हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलांनाही ऐकवायचे. आज ते माझं मत राहिलेलं नाही. कोणी वाद घालून ते बदलवलं नाही. ते हापूसचं चित्र करता करता बदललं, म्हणून ते सगळं एकदा नीट सांगावंसं वाटतं.

माझ्यासाठी एअरब्रश म्हणजे रघुवीर मुळगावकर (1918–1976). गोव्यातून आलेल्या या चित्रकाराची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणि देवादिकांची कॅलेंडरं कोकणातल्या किती घरांनी जपली असतील! त्यांच्या चित्रात गालावरून गळ्याकडे उतरणारी सावली कुठे सुरू झाली आणि कुठे विरली, हे बोट ठेवून दाखवता येत नाही. तसा हात मिळवायचा म्हणून मी एअरब्रश शिकले. खटका खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. कागदापासूनचं अंतर जरा चुकलं की फवाऱ्याचा डाग. त्यात रत्नागिरीचा पाऊस. दमट हवेतलं पाणी कॉम्प्रेसरच्या टाकीत साचतं, नळीला ट्रॅप लावला तरी एखादा थेंब निसटतो आणि होत आलेल्या कामावर टपकतो. त्या धास्तीतूनच हात तयार होतो असं मला वाटायचं. जिथे एक बटण दाबून मागे जाता येतं, तिथे कसली साधना?

मग आंब्याच्या पेट्यांची कामं येऊ लागली. 2018 साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून बागायतदाराला आपल्या नावाची पेटी हवी असते, आणि एकच चित्र फळावरच्या स्टिकरपासून हायवेच्या कडेच्या दहा फुटी फ्लेक्सपर्यंत सगळीकडे हवं असतं. कागदावरचं एअरब्रशचं चित्र स्कॅन करून एवढं ताणलं की फुटतं. त्यामुळे केवळ सोय म्हणून मी कोरल ड्रॉमध्ये व्हेक्टर आंबा करायला बसले.

हापूस समोर ठेवून पाहा. देठाजवळचे भरलेले खांदे, उन्हाच्या बाजूला चढलेली लाली, दुसरीकडे अजून रेंगाळलेला हिरवा, आणि सगळ्यावर तो पांढुरका पातळ थर, बोट फिरवलं की पुसला जाणारा. मेश, म्हणजे रंगाच्या बिंदूंची जाळी, वापरून मी एका टोकाला हिरवा ठेवला, दुसऱ्याला लाल. मधे चिखल झाला. गणिताने हिरव्यातून लालात जायचं तर वाट मळकट तपकिरीतूनच जाते. फळाकडे पुन्हा पाहिलं, तर तिथे हिरवा थेट लालाला कुठेच भिडत नव्हता. मधे पिवळा होता, कुठे बोटभर, कुठे नुसती रेघ. मेशमध्ये पिवळ्याचे बिंदू स्वतंत्र बसवले तेव्हा कुठे आंबा पिकला. कागदावर हेच मी पारदर्शक रंगांच्या थरांनी करत होते. काम तेच होतं, पाहणं तेच होतं. माझ्या मताला पहिला तडा इथे गेला.

तरी तो आंबा प्लास्टिकचाच दिसत होता. शिवाय फ्लेक्सवर पट्टे उमटले. नेहमीच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या असतात. फिक्कट पिवळ्यातून किंचित गडद पिवळ्यात जाताना त्यातल्या वीसच वापरल्या गेल्या, तर दहा फुटांवर सहा-सहा इंचांचा एकेक पट्टा पडणार. यावरचा उपाय फोटोशॉपमध्ये आहे: रंगात बारीक कण मिसळायचे. मी कण मिसळले आणि चित्र मोठं करून पाहिलं, तर समोर माझ्या जुन्या नोझलचा फवारा! एअरब्रशची सावली कधीच सलग नव्हती, ती बारीक थेंबांचीच होती. मुळगावकरांची कोवळीक ज्याला आपण म्हणतो, ती त्या थेंबांतून येते.

त्या दिवसापासून मी दोन्ही हत्यारं एकत्र वापरते. आकार व्हेक्टरमध्ये, त्याच कडेचं सिलेक्शन करून आत पिक्सेलचा मऊ ब्रश, फ्लो अगदी कमी, थरावर थर. सालीवरचे ठिपके हाताने, कारण एकच ठिपका छापल्यासारखा पुन्हा पुन्हा आला की डोळा लगेच पकडतो. आणि हे करताना लक्षात आलं की यात नवं काहीच नाही. फ्रिस्केट फिल्म कागदावर चिकटवून ब्लेडने कापणं हा एअरब्रशचा अर्धा धंदा होता. कड ब्लेडची, मऊपणा फवाऱ्याचा. फिल्म कागदावर दाबली तर कड करकरीत, जरा उचलून धरली तर तीच कड विरघळते. रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी मोटारींच्या बाकदार पत्र्यांसाठी वापरात आणलेली वक्ररेषा 1987 साली इलस्ट्रेटरच्या पेन टूलमध्ये आली, तेव्हा आमच्या ब्लेडलाच नवी मूठ मिळाली होती. मी मात्र इतकी वर्षं एअरब्रश म्हणजे फवारा एवढंच धरून बसले होते.

मागे जाण्याच्या बटणाबद्दलही मला आता वेगळं वाटतं. थेंब पडण्याची भीती ही हवामानाची अडचण होती, तिला मी कलेचा भाग समजत होते. खरी कसोटी कड कुठे धरायची आणि कुठे सोडायची याची आहे, आणि तिथे ते बटण काहीच मदत करत नाही. उजेडाकडची कड ठाम हवी की नको, सावलीत आंबा पाठीमागच्या पानात किती बुडू द्यायचा, हे दर वेळी नव्यानेच ठरवावं लागतं.

पुठ्ठ्याच्या पेटीवर तर ही कसोटी फारच कडक होते. तिथली छपाई फ्लेक्सो पद्धतीची, मऊ प्लेटची. अगदी बारीक टिंब त्या प्लेटवर टिकत नाहीत, किंवा पसरून जाड होतात. आंब्यावरची चकाकी मऊ विरत पांढऱ्यात जाऊ दिली, तर छापताना ती मधेच तुटते आणि एक ओबडधोबड रेघ दिसते. म्हणून पेटीसाठी चकाकी मी सरळ पेन टूलने कापते, धारदार कडेची, आणि भोवती हलका पिवळा राखते. तो शून्यावर कधीच नेत नाही. स्टिकर ऑफसेटवर गुळगुळीत कागदावर छापला जातो, तिथे तीच चकाकी फवाऱ्याने विरवते. दोन्ही एकाच फाइलमध्ये, वेगवेगळ्या लेयरवर असतात.

शिकायला येणाऱ्या मुलांकडून मी अजूनही आधी जाड कागदाची स्टेन्सिल कापून घेते आणि कॉम्प्रेसर चालू करून देते. स्टेन्सिल कागदापासून उचलली की कड कशी बदलते, हे त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावं. त्यानंतर त्यांनी हवं ते सॉफ्टवेअर उघडावं, माझी काही हरकत नाही.